९९ रुपयांची पीडीएफ विकायला स्वतःची वेबसाइट: गाडी नेमकी कुठे अडते?

इन्स्टाग्राम उघडा, पाच-सहा रील्स सरकवा, एक तरी अशी येतेच. लॅपटॉप, शेजारी कॉफीचा मग, मागे पैसे जमा झाल्याचा टिंग आवाज आणि वर मजकूर: झोपेतही पैसे येतात. खाली लिंक. लिंकवर गेलात की एक लांबलचक पान उघडतं, त्यावर उलटं मोजणारं घड्याळ, आणि "फक्त आज ९९ रुपयांत" मिळणारं १०,००० व्हायरल रील्सचं बंडल. सोबत रीसेल राइट्स फुकट! म्हणजे तेच बंडल तुम्हीही पुढे ९९ रुपयांना विकायचं.

या प्रकाराला सध्या "डिजिटल प्रॉडक्टचा बिझनेस" म्हणतात. त्यामुळे झालंय काय, की स्वतःची छोटी वेबसाइट काढून स्वतः बनवलेली वस्तू विकणं हा चांगला मार्गसुद्धा फसवणुकीच्या रांगेत जाऊन बसलाय. कुणी "मी पीडीएफ विकतो" म्हटलं की समोरचा हसतो. म्हणून आज या दोन्ही गोष्टी वेगळ्या करून बघू. पान बनवायला पैसे लागत नाहीत, हे रीलवाले खरं सांगतात. पुढचं सांगत नाहीत.

आधी त्या बंडलचा निकाल लावू. ज्याने रील शूट केली, त्या रीलवर हक्क त्याचा. मागचं गाणं एखाद्या म्युझिक कंपनीचं. तुम्हाला विकणाऱ्याकडे मुळात हक्कच नाहीत, तर तो "रीसेल राइट्स" देणार कुठून? कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ६३ मध्ये अशा जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनासाठी सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड लिहिलेला आहे. प्रत्येक बंडलवाल्याच्या दारात पोलीस जात नाहीत हे मान्य. पण तक्रार आली की आधी ड्राइव्हची लिंक बंद होते, मग पेमेंट गेटवे खातं थांबवतो आणि तुमचे जमलेले पैसे तिथेच अडकतात. आणि हिशोबही बघा ना. एकच बंडल हजारो लोक विकत असतील तर गिऱ्हाईक कोण उरतं? ते विकायला शिकणारा पुढचा माणूस. साखळी लांबत जाते आणि शेवटच्या कडीच्या हातात कुणालाच नको असलेली फाइल राहते.

आता खरी गोष्ट.

पान तयार व्हायला एक संध्याकाळ

हा लेख लिहिण्याआधी एक छोटी साइट बनवून बघितली, जमेल तेवढी फोनवरूनच. वस्तू साधी घेतली: लहान मुलांसाठी मराठी अक्षरं गिरवायचे २४ कागद, पीडीएफमध्ये. किंमत ४९ रुपये. अक्षरांसाठी मुंबईच्या एक टाइप या संस्थेचा 'मुक्त' हा फॉन्ट वापरला, कारण त्याचा परवाना खुला आहे आणि तो वापरून बनवलेली वस्तू विकता येते. (लग्नपत्रिकेच्या टेम्पलेटवाल्यांनो, कुठून तरी उचललेला फॉन्ट वापरून टेम्पलेट विकत असाल तर तुम्ही आणि ते बंडलवाले एकाच बाकावर आहात.)

पानाचा कोड एआय चॅटबॉटने लिहून दिला. चुका होत्या, मराठी तर अगदी सरकारी जाहिरातीसारखं होतं, ते हाताने नीट केलं. पान क्लाउडफ्लेअर पेजेसवर फुकट चढवलं. गिटहब पेजेसही फुकट आहे, पण त्याच्या नियमांत ऑनलाइन धंदा चालवायला ते वापरू नका असं स्पष्ट लिहिलंय, आणि हे बऱ्याच यूट्यूब शिकवण्यांमध्ये सांगतच नाहीत. खर्च झाला तो फक्त डोमेनचा. डॉट इन नाव वर्षाला साधारण हजार रुपयांच्या आत मिळतं.

इथे कंजुषी करू नका. फुकट डोमेनचं काय होतं ते बघितलंय आपण. डॉट टीके, डॉट एमएल अशी नावं फुकट वाटणाऱ्या फ्रीनॉमने २०२३ मध्ये नवी नोंदणी थांबवली आणि २०२४ मध्ये हा व्यवसायच सोडत असल्याचं जाहीर केलं. देवनागरी नाव हवं असेल तर डॉट भारत २०१४ पासून मिळतं. दिसायला झकास. पण काही ॲपमध्ये ते चिकटवलं की एक्सएन आणि दोन डॅश असलेली अगम्य इंग्रजी अक्षरं दिसतात, आणि तशी लिंक बघून घाबरणारे लोक खूप आहेत. दुसरं नाव म्हणून ठेवा, मुख्य म्हणून नको.

एकूण वेळ: एक संध्याकाळ. रीलवाले इथे व्हिडिओ संपवतात.

मग पैसे घ्यायला गेलो

सगळ्यात सोपा रस्ता म्हणजे स्वतःचा क्यूआर कोड पानावर लावायचा, खाली लिहायचं "पैसे पाठवून स्क्रीनशॉट व्हॉट्सॲप करा". महाराष्ट्रात नोट्स, पत्रिका, प्रीसेट विकणारी निम्मी मंडळी हेच करतात. हा रस्ता मला सर्वात धोक्याचा वाटतो, आणि कारणं तीन आहेत.

पहिलं सगळ्यांना माहीत आहे: खोटे स्क्रीनशॉट. हुबेहूब पेमेंटचा पडदा दाखवणारी बनावट ॲप फिरतायत. ४९ रुपयांसाठी कोण फसवेल असं वाटतं, पण डिजिटल वस्तू एकदा गेली की परत मागता येत नाही.

दुसरं कमी जणांना माहीत आहे. अनोळखी माणसाने पाठवलेले पैसे कुठून आले हे तुम्हाला कळत नाही. समजा ते सायबर फसवणुकीतले निघाले. फसलेला माणूस १९३० या हेल्पलाइनवर तक्रार करतो, पैसे ज्या ज्या खात्यांतून फिरले ती साखळी शोधली जाते, आणि त्या साखळीत तुमचं खातं सापडलं तर बँक ती रक्कम अडवते किंवा आख्खं खातंच गोठवते. तक्रार कुठल्या तरी दुसऱ्या राज्यात, तुम्ही इथे. ज्या खात्यात घरचे पैसे आहेत, कॉलेजची फी आहे, ते ९९ रुपयांच्या एका व्यवहारामुळे बंद. गेटवे मध्ये असला म्हणजे हे कधीच होणार नाही असं नाही. पण तेव्हा तुमच्याकडे ऑर्डर क्रमांक, गिऱ्हाइकाचा ईमेल आणि वस्तू पाठवल्याची नोंद असते. बँकेच्या काउंटरवर दाखवायला काहीतरी असतं. त्यामुळे एक गोष्ट आजच करा: विक्रीचं खातं आणि घरचं खातं वेगळं ठेवा.

तिसरं कारण कर्नाटकात दिसलं. जुलै २०२५ मध्ये तिथल्या व्यावसायिक कर विभागाने यूपीआयवर जमा झालेल्या रकमांच्या आधारे हजारो छोट्या विक्रेत्यांना जीएसटीच्या नोटिसा पाठवल्या. चहावाले, बेकरीवाले, अगदी भाजीवालेसुद्धा. बंगळुरूत कित्येक दुकानांनी क्यूआर कोड काढून "फक्त रोख" अशा पाट्या लावल्या. पुढे सरकारने बरंच सबुरीने घेतलं, पण त्या दुकानदारांची अडचण बघा: खात्यात आलेल्या रकमेत विक्री किती, मित्राने परत केलेले उसने किती, भावाने पाठवलेले किती, हे वेगळं करून दाखवायला कागदच नव्हता.

आपल्यासाठी नियम काय? डाउनलोड करायची वस्तू जीएसटीत सेवा धरली जाते आणि सेवेसाठी महाराष्ट्रात नोंदणीची मर्यादा वर्षाला २० लाख रुपये उलाढाल. (ऐकिवात येणारा ४० लाखांचा आकडा वस्तू विकणाऱ्यांचा.) दुसऱ्या राज्यातल्या गिऱ्हाइकाला विकलं तरी सेवेच्या बाबतीत ही सूट लागू राहते. ९९ रुपयांच्या हिशोबाने २० लाख म्हणजे वर्षाला २० हजारांहून जास्त प्रती, तेव्हा सुरुवातीला जीएसटीची धास्ती नको. इन्कम टॅक्स मात्र वेगळी गोष्ट. २० लाखांच्या आत आहे म्हणून ते उत्पन्न लपवायचं असं नाही.

तर मी क्यूआर सोडला आणि गेटवेकडे अर्ज केला. पॅन, बँक खातं, पत्त्याचा पुरावा हे अपेक्षित होतं. अर्ज परत आला तो वेगळ्याच कारणाने: साइटवर चार पानं नव्हती. अटी, प्रायव्हसी, रिफंडचा नियम आणि संपर्क. ती लिहायला अजून एक संध्याकाळ गेली, आणि मंजुरी यायला काही दिवस. चिडचिड झाली, खोटं कशाला बोलू. पण गिऱ्हाईक म्हणून विचार केला तर ही चार पानं नसलेल्या साइटवर मी तरी पैसे टाकले असते का? (वय १८ पूर्ण नसेल तर हे सगळं पालकांच्या नावावर करावं लागेल. मोठ्या भावाच्या पॅनवर गुपचूप करू नका, उत्पन्न त्याच्या नावावर दिसतं.)

परदेशी दुकानं आणि ९९ रुपयांचं गणित

"गेटवेच्या भानगडीत कशाला पडता, गमरोड वापरा" असं खूप जण सांगतात. गमरोड चांगली सेवा आहे, पण ती डॉलरच्या किमतींसाठी बनलीय. थेट लिंकवरून झालेल्या विक्रीवर ते १० टक्के आणि वर ५० सेंट घेतात. डॉलर ८५ रुपये धरला तर ९९ रुपयांतून जवळपास १० आणि ४२, म्हणजे ५२ रुपये तिथेच गेले. तुमच्या हातात निम्म्याहून कमी. त्यांच्या बाजारपेठेतून गिऱ्हाईक आलं तर कपात ३० टक्के.

भारतीय गेटवेचा जाहीर दर साधारण २ टक्के असतो आणि त्या फीवर १८ टक्के जीएसटी. म्हणजे ९९ मधले २ रुपये ३४ पैसे. तुम्ही म्हणाल, यूपीआय तर फुकट आहे. बरोबर, जानेवारी २०२० पासून यूपीआयवर व्यापाऱ्याकडून एमडीआर घेता येत नाही. पण गेटवे जी फी घेतो ती स्वतःच्या सेवेची: पैसे आले की साइटला कळवणं, हिशोब ठेवणं, खात्यात जमा करणं. काही जण यूपीआयवर सूट देतात, विचारून घ्या.

मग गमरोडसारखे कुणालाच उपयोगी नाहीत का? आहेत, गिऱ्हाईक परदेशात असेल तर. माझ्या त्या गिरवण्याच्या कागदांना पहिली चौकशी पुण्यातून नाही, अमेरिकेतून आली. तिकडे बृहन्महाराष्ट्र मंडळाशी जोडलेल्या मराठी शाळा चालतात, मुलांच्या आयांना असे कागद हवेच असतात. पण तिचं कार्ड चालेना. परदेशी कार्ड घ्यायची सोय गेटवेकडे वेगळी मागावी लागते आणि नव्या, छोट्या विक्रेत्याला ती सहज मिळत नाही. पेपालने १ एप्रिल २०२१ पासून भारतातल्या भारतात पेमेंट बंद केलं, परदेशातून येणारं चालू ठेवलं. स्ट्राइप २०२४ पासून भारतात नव्या खात्यांसाठी फक्त निमंत्रणावर आहे. त्यामुळे इन्फ्लुएन्सर अमेरिकेतला व्हिडिओ बघून जे सांगतो, ते इथे तसंच्या तसं होत नाही.

आणि परदेशी कर ही अजून एक डोकेदुखी. युरोपियन युनियनमधल्या ग्राहकाला डिजिटल वस्तू विकली की व्हॅट ग्राहकाच्या देशाचा लागतो, विकणारा कुठेही असो. ४९ रुपयांसाठी कोण त्या देशांचे फॉर्म भरणार? म्हणून "मर्चंट ऑफ रेकॉर्ड" नावाची व्यवस्था असते. कागदोपत्री विक्रेता ती कंपनी, तुम्ही तिला माल पुरवणारे, कर भरायची जबाबदारी तिची. गमरोडने १ जानेवारी २०२५ पासून हीच पद्धत घेतली. पाच-दहा डॉलरची वस्तू परदेशात विकायची तर ते १० टक्के महाग नाहीत. देशात ९९ रुपयांसाठी मात्र ते परवडत नाही. दोन गिऱ्हाइकं, दोन बटणं, एकच पान. मी शेवटी तेच केलं.

फाइल चोरीला गेली तर?

जाणारच. हे धरून चाला. एमपीएससीच्या नोट्स विकणाऱ्या कुणालाही विचारा, दुसऱ्या दिवशी टेलिग्रामवर असतात. स्पर्धा परीक्षांच्या शिक्षिका नीतू सिंह यांनी यावरून दिल्ली हायकोर्टात टेलिग्रामवर केस केली. टेलिग्रामचं म्हणणं होतं, आमचे सर्व्हर सिंगापूरला आहेत, तिथल्या कायद्याने आम्ही माहिती देऊ शकत नाही. कोर्टाने ३० ऑगस्ट २०२२ ला ते फेटाळलं आणि चॅनल चालवणाऱ्यांची माहिती मागितली. नंतर टेलिग्रामने नावं, फोन नंबर आणि आयपी पत्ते कोर्टात दिले. टेलिग्रामवर लपून राहता येतं हा समज तिथे तुटला. पण कोर्टात जायला पैसा आणि वेळ लागतो, तुमच्या-माझ्याकडे तो नाही.

आपल्या हातात काय आहे? बऱ्याच साइटची फाइल चोरीला जात नाही, ती दारातच पडलेली असते. पैसे भरल्यावर उघडणारं "धन्यवाद" पान आणि त्यावर ड्राइव्हची सगळ्यांसाठी खुली लिंक. ते पान कुणी शेअर केलं, संपलं. माझ्या पहिल्या प्रयत्नात चॅटबॉटने नेमकं हेच बनवून दिलं होतं, पत्त्यात "थँक्यू" टाकलं की पैसे न भरता फाइल समोर! पैसे आले की नाही हे ब्राउझरने ठरवायचं नसतं. गेटवे तुमच्या सर्व्हरला स्वतंत्र निरोप पाठवतो, त्याला वेबहुक म्हणतात. तो निरोप खरा आहे हे सहीवरून तपासायचं आणि मगच काही तासांत संपणारी लिंक ईमेलवर पाठवायची. हे जमत नसेल तर तयार स्टोअर सेवा वापरा, त्यात कमीपणा काही नाही. शिवाय पीडीएफच्या प्रत्येक पानाखाली घेणाऱ्याचा ईमेल बारीक अक्षरात छापा. चोरी थांबत नाही, पण स्वतःचं नाव असलेली फाइल ग्रुपवर टाकताना माणूस थबकतो.

एवढं करून स्वतःचं पान कशाला?

इन्स्टावरच विकलं तर काय बिघडलं, हा प्रश्न रास्त आहे. गिऱ्हाईक तिथेच आहे. उत्तरासाठी दोन तारखा आठवा. २९ जून २०२० ला टिकटॉकसह ५९ ॲपवर बंदी आली. आपल्याकडच्या गावागावांतल्या पोरांचे लाखो फॉलोअर्स एका रात्रीत गेले, आणि त्यांच्याकडे त्या फॉलोअर्सपैकी कुणाचाही नंबर किंवा ईमेल नव्हता. दुसरी तारीख १ मार्च २०२४. फीच्या वादावरून गूगलने भारत मॅट्रिमनी, नोकरी अशा मोठ्या कंपन्यांची ॲप प्ले स्टोअरवरून काढली. काही दिवसांत ती परत आली, मधे सरकारला पडावं लागलं. पण त्या दिवसांत त्यांच्या वेबसाइट चालूच होत्या. काढायला गूगलच्या हातात त्या नव्हत्याच.

तुमच्यासाठी कुठला मंत्री मधे पडणार नाही. म्हणून रील इन्स्टावर, विक्री स्वतःच्या पानावर, आणि घेणाऱ्याचा ईमेल स्वतःच्या वहीत, त्याची परवानगी घेऊन. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याने लोकांची माहिती सांभाळण्याची जबाबदारी घेणाऱ्यावर टाकलीय, त्यामुळे जन्मतारीख, पत्ता, आधार असलं काही मागू नका. पीडीएफ पाठवायला ईमेल पुरतो. डोमेनचं रिन्यूअल ऑटोवर ठेवा आणि ते नाव स्वतःच्या खात्यावर घ्या, साइट बनवून देणाऱ्या मित्राच्या नाही. मैत्री तुटली की साइटही जाते, अशी दोन प्रकरणं माझ्याच ओळखीत आहेत.

माझ्या कागदांचं पुढे काय झालं? अमेरिकेतल्या ताईंनी दुसऱ्या बटणावरून घेतले आणि 'ळ' गिरवताना बाणाची दिशा उलटी आहे हे कळवलं. ते दुरुस्त केलं आणि आधी घेतलेल्यांना नवी प्रत ईमेल केली. त्याआधीच एका मैत्रिणीने यूपीआयने देशातली पहिली खरी खरेदी केली होती. दोन कामकाजाच्या दिवसांनी खात्यात जमा झाले ४७ रुपये ८४ पैसे.